तुतीला टेकू

झाड पडताना मोठा आवाज होतो म्हणतात. आमच्या समोरच्या बागेतली तुती पडली तेव्हा आवाज झाला तो आमच्या आईचा. "बसली गं बाई," एवढंच ती म्हणाली, आणि तेही अशा सुरात, की दमूनभागून आलेली जुनी मैत्रीण पायरीवर टेकली असावी.

बाहेर वादळानं नुसता धुडगूस घातला होता. कोणाच्या तरी गच्चीवरची रिकामी टाकी रस्त्यानं गडगडत चालली होती आणि तिच्यामागून एक छत्री, जणू टाकीला सोडायला निघाल्यासारखी. अशा गदारोळात आमची तुती मात्र बागेच्या कुंपणावर कोपर टेकून, अर्धी मुळं मातीत आणि अर्धी वाऱ्यावर, शांत बसली होती. पडली नव्हती, बसली होती. हा फरक आईला पहिल्या क्षणी कळला. मला कळायला आठवडा लागला, आणि पालिकेला तो अजून कळलेला नाही.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. आम्ही म्हणजे मी आणि बायको, येऊनजाऊन. आई मात्र मुक्कामाला. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून तिचं जग म्हणजे खिडकी, आणि खिडकीचं जग म्हणजे तुती. कोणत्या फांदीवर कोणता पक्षी भांडतो, कोणती शेजारीण कोणाचा डोळा चुकवून तुती तोडते, कोणाच्या शर्टावर जांभळा डाग पडला आणि त्याचं घरी काय झालं असेल, हे सगळं तिला ठाऊक. शिवाय तिला बोलताबोलता यमक जुळतं. आमच्याकडे दूध उतू गेलं, तरी ते दोन ओळींत जातं. लग्न झाल्यावर बायकोला वाटलं होतं की सासूबाई गाणं म्हणतायत. महिनाभरानं तिच्या लक्षात आलं, की गाण्यात आपण आहोत.

त्या दिवशी वारा थांबल्यावर आईनं मला हाक मारली. म्हणाली, "अरे, तिची मुळं अजून मातीला धरून आहेत. कोणीतरी हात दिला तर उठेल." आणि माझ्याकडे पाहत राहिली. आईनं आजवर माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही. मागितलं असतं तर मी किती दिलं असतं, हा प्रश्न वेगळा. मी छाती पुढे काढून सांगितलं, की हात कशाला, मी अर्ज देतो.

माझा धंदाच तो. विम्याच्या कचेरीत मी पत्रं लिहितो. ग्राहकाला पहिल्या परिच्छेदात घाबरवायचं आणि शेवटच्या परिच्छेदात धीर द्यायचा, ही आमची रीत. मधे हप्त्याचा उल्लेख. माझं पत्र वाचून धडधाकट माणसं जिन्याचा कठडा धरून उतरू लागल्याची उदाहरणं आहेत.

इकडे वादळ ओसरताच पालिकेनं बागांच्या सफाईसाठी तातडीचा निधी जाहीर केला. एरवी घसरगुंडीला एक खिळा हवा म्हटलं, तर पालिका विचारते की मागचा खिळा कुठे गेला. पण 'आपत्कालीन' असा शिक्का बसला, की पैशाला पाय नव्हे, पंख फुटतात. आठवड्याच्या आत खर्च करा, नाहीतर परत करा, असा हुकूम. त्यामुळे गावभर ट्रक धावू लागले. ठेकेदाराला मोबदला खेपेवर. म्हणजे जितक्या खेपा तितकं बिल. त्या आठवड्यात शहरातल्या बागांमध्ये पाच मिनिटं एका जागी स्वस्थ बसणं धोक्याचं होतं.

मी अर्ज लिहायला बसलो. दोन पानी. पहिल्या पानावर मी ती तुती अशी रंगवली, की वाचणाऱ्यानं खुर्ची मागे सरकवावी. ती कोणत्याही क्षणी कोसळेल, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यावर मृत्यू टांगलेला आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. दुसऱ्या पानावर आवाज हळुवार केला. तरी माननीय महोदयांनी कृपाळू होऊन सदर वृक्षास पुन्हा उभे करावे, अशी नम्र विनंती. लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा वाचला. दुसऱ्यांदा डोळे पाणावले.

अर्जाचा परिणाम जबरदस्त झाला. माझ्या आयुष्यात कुठल्याही कचेरीनं इतक्या झटपट माझं ऐकलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी बागेचा माळी सांगत आला, की उद्यान खात्याच्या साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि घाम पुसत तुतीला तोडायच्या यादीत सगळ्यात वर नेऊन बसवलं. दुसरं पान कोणी उलटलंच नव्हतं. परवा सकाळी करवत येणार. "तुमची ओळख आहे वाटतं वर," माळी कौतुकानं म्हणाला.

ही बातमी आईला कशी सांगायची, याचा विचार करत मी जिन्यातच थोडा रेंगाळलो. पण आमच्या इमारतीत बातमी जिन्यानं येत नाही, ती गॅलऱ्यांमधून वर चढते. मी दारात पाऊल ठेवलं, तेव्हा आई खिडकीकडे तोंड करून म्हणत होती,

*"वाऱ्यानं पाडलं झाड, तरी होतं जगणार;*
*लेकानं कागद लिहिला, आता करवत लागणार."*

बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी होती. हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही. पण आई हसत नव्हती. दोन ओळी म्हणून झाल्यावर ती एरवी माझ्याकडे बघून डोळा बारीक करते, तसा तिनं केला नाही. जेवताना तिनं खुर्ची खिडकीकडून भिंतीकडे वळवून घेतली. म्हणाली, सवय करायला हवी. तेव्हा मात्र मी ताट तसंच सोडून दुसरा अर्ज लिहायला बसलो.

सकाळी पालिकेत जाऊन मी दुसरा अर्ज दिला, की झाड मुळीच धोकादायक नाही. खिडकीमागच्या कारकुनानं दोन्ही अर्ज शेजारीशेजारी ठेवले आणि मला विचारलं, की दोन्ही आपणच लिहिले का. मी हो म्हटलं. त्यानं मला पाणी दिलं. मग समजावलं, की एकदा लागलेला धोका काढायचा, तर धोका टळल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला झाड तोडून नेल्यावर ताबडतोब मिळतो. मी म्हटलं, मग उभंच करा ना त्याला. तो म्हणाला, तातडीच्या पैशातून तोडता येतं, भरता येतं, वाहून नेता येतं. उभं करणं ही तातडीची गोष्ट नाही.

मी निघालो तेव्हा त्यानं मागून हाक मारली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पडलेलं झाड असेल तर ते जाणारच. पण उभं असेल, तर त्याला हात लावायची कोणाची छाती नाही. उभ्या झाडासाठी वेगळी समिती लागते, आणि ती अजून नेमलेली नाही."

त्या कारकुनाचं भलं होवो. घरी येईपर्यंत माझा निश्चय झाला होता. करवत येण्याआधी तुतीला पायांवर उभं करायचं.

मी हा बेत फक्त बायकोच्या कानात सांगितला. त्यामुळे तासाभरात सगळी इमारत खाली बागेत हजर. आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर सर्वांत आधी आले. त्यांनी तरफेचा सिद्धांत जमिनीवर काठीनं काढून दाखवला, आणि मग कोणीतरी त्याच्यावरून चालत गेलं म्हणून पुन्हा काढला. तळमजल्यावरची शिंपीणबाई तंबू आणि दुकानांचे पडदे शिवते. तिनं मनगटाएवढा जाड दोर आणला आणि मास्तरांना सांगितलं, की तुम्ही जरा सिद्धांताच्या पलीकडे उभे राहा. वरच्या मजल्यावरचे काका खाली उतरले नाहीत, कारण म्हणे वरून कल जास्त चांगला कळतो. ते गच्चीवरून ओरडत होते, डावीकडे, डावीकडे. त्यांची डावी बाजू आमची उजवी, हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ऐन वेळी आठवत नव्हतं. माळ्याला मी हात लावायला बोलावलं, तर तो म्हणाला की त्याच्याकडे पाणी घालायचं काम आहे. आडव्या झाडाला पाणी घालायचं की नाही, हेच वरून विचारून घ्यावं लागेल. एकदा उभं राहिलं, की मग तो आमचाच.

या सगळ्यांचं सेनापतीपद आमच्या बायकोकडे कसं गेलं, ते मला कळलं नाही. मी अर्जदार असल्यामुळे ते स्वाभाविकपणे माझ्याकडे यायला हवं होतं. पण तिनं पदर खोचला, दोर शेजारच्या दिव्याच्या खांबाला वळसा घालून आणला, मला सर्वांत शेवटी उभं केलं, आणि सांगितलं की तुम्ही फक्त ओढा, बोलू नका.

आम्ही ओढलं. दोर ताणला, कुंपण कण्हलं, मातीतून ओला, जुना, गोड असा वास वर आला. पानांत अडकून राहिलेलं पावसाचं पाणी एकदम आमच्या अंगावर सांडलं, आणि तुती, एका हातानं गुडघा दाबत बाई उठते तशी, हळूहळू, थांबत थांबत, वर आली. पुरती सरळ नाही. आमच्या खिडकीकडे किंचित कललेली. पण उभी. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण दोर सोडायची सोय नव्हती.

मग टेकूंची शोधाशोध सुरू झाली. आमची शिडी आली. शिंपीणबाईचं इस्त्रीचं टेबल आलं. मास्तरांनी पलंगाचे दोन पाय काढून दिले; आता पलंग उताराला लागेल, असं त्यांच्या बायकोनं म्हटल्यावर त्यांनी तरफेचा सिद्धांत तिलाही सांगितला. तरी एका बाजूनं झाड हलतच होतं. तेवढ्यात वरून आईचा आवाज आला. तिनं तिचा वॉकर खिडकीशी आणून ठेवला होता.

"माझे चार पाय तिला द्या," आई म्हणाली. "मी काय, बसूनच आहे."

तो वॉकर मी स्वतः वर जाऊन खाली आणला. आम्ही तो बुंध्याशी लावला. नेमका बसला. संध्याकाळी आईनं खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवून घेतली, आणि मला डोळा बारीक करून दाखवला.

इथे ही गोष्ट संपली असती, तर मी आज इमारतीत ताठ मानेनं फिरलो असतो.

सकाळी मी दाढी करत असताना खाली ट्रकचा आवाज आला. मी निवांत होतो. उभ्या झाडाला हात लावायची कोणाची छाती नाही. आणि खरंच, मुकादमानं तुतीकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, पुन्हा तुतीकडे पाहिलं, आणि मान हलवून यादीवर काट मारली. माझा अर्धा चेहरा साबणात आणि अर्धा अभिमानात होता. पण खेपेवर पैसे मिळणारा माणूस रिकामा ट्रक कसा नेणार? त्यानं आजूबाजूला नजर टाकली. तुतीला टेकून होती एक शिडी, एक इस्त्रीचं टेबल, पलंगाचे पाय आणि एक वॉकर. वादळानं कोणाच्या घरातलं काय कुठे आणून टाकावं, याला काही नियम असतो का? त्याच्या माणसांनी एकेक करून सगळा राडारोडा ट्रकमध्ये भरला, आणि ट्रक निघून गेला. गेलं नाही ते फक्त झाड.

मी तसाच, अर्ध्या साबणानिशी, खाली धावलो आणि तुतीला मिठी मारली. मिठी प्रेमाची नव्हती. तुतीच माझ्या अंगावर येत होती.

माझी हाक ऐकून इमारत पुन्हा खाली उतरली, जो ज्या अवस्थेत होता त्या अवस्थेत. शिंपीणबाईच्या गळ्यात मोजपट्टी, मास्तरांच्या हातात चहाचा कप. बायकोनं प्रत्येकाला फांदी वाटून दिली. वरचे काकादेखील खाली आले. आता वरून काही कळत नव्हतं. अशा रीतीनं आम्ही सारे सकाळच्या कोवळ्या उन्हात एका झाडाला लटकून उभे राहिलो. फिरायला येणारी माणसं आमच्याकडे पाहून वळसा घालून जात होती. त्यातल्या एकानं विचारलं, की हे रोज असतं का, आणि फी किती.

माझ्या साहेबांचा फोन आला. बायकोनं तो माझ्या कानाला लावला. कुठे आहात, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की झाड धरून उभा आहे. ते फार मायेनं म्हणाले, की काही घाई नाही, बरं वाटेपर्यंत येऊ नका. माझ्या पत्रांचा असा परिणाम ग्राहकांवर होतो, पण साहेबांवर कधी झाला नव्हता.

तेवढ्यात पालिकेची गाडी कर्कश ब्रेक लावून बागेसमोर थांबली, आणि तिच्यातून उद्यान खात्याचे साहेब उतरले. उतरले कसले, पडले. चेहरा पांढराफटक. आणि हातात, छातीशी धरलेला, आईचा वॉकर.

त्याचं असं झालं होतं. राडारोड्याच्या आगारात ट्रक रिकामा करताना त्यात वॉकर सापडला. हा कुठून आला, तर त्या धोकादायक तुतीखालून. आणि तुतीविषयी पहिल्या पानावर काय लिहिलं होतं, ते साहेबांना तोंडपाठ होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यावर मृत्यू. वॉकर आहे, तर वॉकरवाली कुठे आहे?

"ह्याच्या... ह्याच्या मालकीण..." साहेबांनी वॉकर उचलून दाखवला.

"इथे आहे," वरून आई म्हणाली. "आणि चहा पण झालाय."

साहेबांनी वर पाहिलं. खिडकीत आई, पांढऱ्या केसांची, डोळा बारीक केलेली. ते बाकावर बसले आणि त्यांनी वॉकरवर डोकं टेकलं. मग त्यांना आम्ही दिसलो. त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. माझ्या गालावरच्या वाळलेल्या साबणाशी नजर जरा जास्त थांबली. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, व्यायाम. शिंपीणबाई त्याच वेळी म्हणाली, प्रार्थना. मी घसा साफ करून पहिल्या परिच्छेदाला सुरुवात करणार होतो. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

"साहेब," आई वरून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, यमकाबिमकाशिवाय, "ते माझं झाड धरून उभे आहेत. त्यांनी सोडलं तर ते पडेल, आणि पडलं तर तुम्ही न्याल. मला खाली येता येत नाही हो. मला बघायला तेवढंच आहे."

एक पक्षी आला, आमची गर्दी पाहून बिचकला, आणि मग मास्तरांच्या डोक्याजवळच्या फांदीवर बसला.

साहेब उठले. तुतीभोवती एक फेरी मारली. मोडलेल्या कुंपणाशी जाऊन त्याला पायानं डिवचलं. म्हणाले, की झाडाला टेकू द्यायला त्यांच्याकडे पैसा नाही. नियमात बसत नाही. आमचे हात आणखी जड झाले. मग ते कुंपणाकडे पाहतच पुढे बोलले.

"कुंपण मात्र वादळानं मोडलंय. ते दुरुस्त करायला निधी आहे, आणि तो मला उद्यापर्यंत संपवायचा आहे. आता कुंपण कुठून न्यायचं, कुठे वाकवायचं आणि कुठे जास्त जाड करायचं, हे मी ठरवतो." थोडं थांबून ते म्हणाले, "तुम्ही तोपर्यंत तुमचा व्यायाम चालू ठेवा."

वेल्डर यायला दुपार झाली. तोवर आम्ही पाळ्या लावून तुती धरली. जो सुटत होता तो घरी जाऊन इतरांसाठी खायला घेऊन येत होता. झाड धरलेल्यांना भरवावं लागत होतं. मास्तरांना त्यांच्या बायकोनं कित्येक वर्षांनी घास भरवला, आणि दोघंही लाजले. शिंपीणबाईनं फांदी धरून उभ्याउभ्या तिघांची मापं घेतली. साहेब स्वतः वॉकर घेऊन वर गेले, आईच्या हातात दिला, आणि चहाच्या नावाखाली तासभर खिडकीतून 'देखरेख' करत बसले. खाली आले तेव्हा ते गुणगुणत होते. आईनं त्यांच्यावर दोन ओळी केल्या असणार; काय, ते दोघांनीही सांगितलं नाही.

आज आमच्या बागेचं कुंपण एखाद्या मोजपट्टीसारखं सरळ येतं, तुतीपाशी आल्यावर पोट पुढे काढतं, तिच्या कमरेला लोखंडी हात घालतं, आणि मग पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात सरळ पुढे जातं. बाहेरगावचे लोक ते पाहून पालिकेच्या कारागिरीला हसतात. हसू देत. शिडी आणि इस्त्रीचं टेबल आगारातून परत मिळालं. पलंगाचे पाय मिळाले नाहीत. मास्तर आता उतारावर झोपतात आणि पाठीला फार चांगलं म्हणून इतरांनाही सुचवतात. माळी झाडाला रोज पाणी घालतो, कारण ते उभं आहे. त्या दिवसाच्या रजेचा अर्ज मी एका ओळीत लिहिला. आयुष्यातला पहिलाच.

आणि तुती सरळ उभी न राहता आमच्याकडे कलली होती ना, ते आता कामाला आलं. या हंगामात तिची एक फांदी थेट आमच्या खिडकीच्या गजांपर्यंत पोचली. पहिली तुती पिकली त्या सकाळी आईनं बसल्या जागेवरून हात बाहेर काढला आणि ती स्वतःच्या हातानं तोडली. खाली बाकावर साहेब आले होते, पाहणीला. हल्ली ते फार पाहणी करतात. त्यांची जीभ जांभळी असते. सारी इमारत गॅलऱ्यांत उभी होती. आईनं तुती तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि म्हणाली,

*"तुतीबाई उभी झाली, कोणाकोणाची गं साथ?*
*मास्तरांची आहे काठी, शिंपीणबाईचा हात.*

*सुनेनं गं दोर दिला, माळ्यानं गं दिलं पाणी,*
*साहेबांनी कुंपण..."*

मी इस्त्रीचा शर्ट घालून मागेच उभा होतो. माझी पाळी कधी येते याची वाट पाहत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आईनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, डोळा बारीक केला, एक टपोरी तुती माझ्या तोंडात कोंबली, आणि बोटं माझ्याच पांढऱ्या शर्टाला पुसत ओळ पुरी केली,

*"...लेकाची गं निराळीच कहाणी."*

ती कहाणी ही. डाग अजून गेलेला नाही. शर्ट मी ऑफिसला घालून जातो.